१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : ही वीस अंकी संख्या कागदावर फोडायची कशी?

त्रैराशिक (धागाकर्ता)

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत चौसष्ट घरांची बेरीज २^६४ − १ येते. राजाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे नको. दाण्यांचं वजनही नको. धागा फक्त या संख्येबद्दल आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

मोठ्या संख्येचे अवयव हाताने पाडता येत नाहीत, असं सरसकट म्हटलं जातं. माझ्या मते या संख्येपुरतं ते खोटं आहे. शाळेतलं अ² − ब² चं सूत्र, भागाकार आणि थोडी चिकाटी एवढ्यावर ती पूर्ण फुटायला हवी. प्रश्न असा, की सूत्राने नेमकं कुठपर्यंत जाता येतं आणि ते कुठे अडतं? आणि शेवटी हाती आलेले अवयव खरोखर मूळ आहेत, हे संगणकाशिवाय कसं पटवायचं?

---

भागिले

सुरुवात सोपी आहे. २^६४ हा २^३२ चा वर्ग, म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

डावा कंस पुन्हा त्याच सूत्राने फोडायचा, उजव्याला हात लावायचा नाही. असं करत खाली गेलं की उरतं:

(२ + १)(२² + १)(२⁴ + १)(२⁸ + १)(२^१६ + १)(२^३२ + १)
= ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

सूत्र इथे संपतं. सगळ्या बेरजा उरल्या, आणि अ² + ब² ला शाळेत अवयव नसतात.

---

पटावरचा उंट

हेच पटावर दिसतं, बीजगणित न लिहिता. पहिल्या दोन घरांत ३ दाणे. पुढची दोन घरं त्याच्या चौपट, म्हणून चार घरांत ३ × ५. पुढची चार त्याच्या सोळापट, म्हणून पूर्ण पहिल्या ओळीत ३ × ५ × १७ = २५५. दुसरी ओळ पहिलीच्या २५६ पट, म्हणजे दोन ओळींत २५५ × २५७. चार ओळींना ६५५३७ ने गुणायचं. खालचा अर्धा पट वरच्या अर्ध्याच्या २^३२ पट, म्हणून शेवटचा गुणक ४२९४९६७२९७.

एकूण सहा वेळा दुप्पट घरं, म्हणून सहा गुणक. घरं ६४ ऐवजी ६७ असती तर ही युक्ती पहिल्याच पायरीला अडली असती.

---

खवचट कोपरा

दोनच्या घातातून जन्मलेली संख्या आणि तिच्या वीस अंकांत २ एकदाही नाही. बाकी शून्यापासून नवापर्यंत सगळे हजर. आईवर अजिबात गेली नाही.

---

दशखर्व

फोडण्याआधी संख्या बरोबर लिहिली आहे का ते तपासा. वीस अंकांत दोन अंकांची अदलाबदल सहज होते आणि मग सगळा उद्योग वाया जातो.

आधी ती हाताने काढायची रीत. हजार सालच्या सुमारास अल्-बिरुनीने याच पटाच्या बेरजेसाठी वापरलेला मार्ग वर्गांचा आहे: पाचव्या घरात १६, त्याचा वर्ग नवव्या घरात २५६, त्याचा वर्ग सतराव्यात ६५५३६, त्याचा वर्ग तेहेतिसाव्यात ४२९४९६७२९६. आणखी एक वर्ग केला की नसलेलं पासष्टावं घर. त्यातून १ वजा.

शेवटचा वर्ग एकदम करू नका. पाच-पाच अंकांचे तुकडे पाडा, ४२९४९ | ६७२९६:

४२९४९² = १८४४६१६६०१ (पुढे दहा शून्यं)
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८ (पुढे पाच शून्यं)
६७२९६² = ४५२८७५१६१६

बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. चूक बहुतेक मधल्या ओळीत होते, पाच शून्यांऐवजी सहा पडतात किंवा दुप्पट करायचं राहतं.

पडताळा: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने वजा-अधिक. ६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६, म्हणजे १००१ ने भागल्यास बाकी १५. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून ७ ने बाकी १, ११ ने ४, १३ ने २. हे घातांवरून थेट काढलेल्या बाक्यांशी जुळतं (उदा. २³ ला ७ ने भागून बाकी १, म्हणून २^६४ ला २, त्यातून १ गेला). शिवाय अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. हेही वरच्या अवयवांशी जुळतं.

---

शेंगदाणा

हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर ४६१ अब्ज टन तांदूळ...

---

त्रैराशिक

@शेंगदाणा, पहिल्या परिच्छेदातच नको म्हटलं होतं :)

@भागिले, @पटावरचा उंट, इथवर पटलं. आता शेवटचा गुणक. ४२९४९६७२९७ चं वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत बसायचं, तर साडेसहा हजार भागाकार होतात.

---

बाकी_एक

साडेसहा हजार नव्हे, दोन पुरतात.

फर्माने १६४० मध्ये अंदाज केला होता, की २^(२^न) + १ या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत ते खरं आहे. १७३२ मध्ये ऑयलरने पुढचीच फोडली. त्याने आंधळे भागाकार केले नाहीत, आधी भाजक कसा असू शकतो हे ठरवलं.

समजा मूळ संख्या प ने २^३२ + १ ला भाग जातो. मग प ने भागल्यास २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १. म्हणजे दोनचे घात करत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा येते ती ६४ व्या घाताला, त्याआधी नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार प − १ व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून ६४ ने प − १ ला भाग गेलाच पाहिजे. उमेदवार फक्त ६४क + १:

६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१

यांत मूळ आहेत १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा लागू पडतो.

१८७८ मध्ये लुकासने चाळणी आणखी बारीक केली. असा प हा ८क + १ साच्यातला असतो, त्यामुळे २ ही बाकी कुठल्या तरी वर्गाची असते. त्या वर्गाच्या पायाला बाकी १ यायला दुप्पट, म्हणजे १२८ वा घात लागतो, म्हणून ६४ च्या जागी १२८ घेता येतात. उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१. झाले दोन भागाकार.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

---

भागिले

दोनही नकोत, एकच पुरे. २५७ तपासायची गरज नाही. २^३२ + १ मधून २ वजा केले की २^३२ − १ मिळतो, आणि त्यात ३, ५, १७, २५७, ६५५३७ हे सगळे गुणक आहेत. यांतल्या कुणाचा सामाईक भाजक असेल तर त्याने २ लाही भाग जायला हवा, आणि इथे सगळे विषम.

---

ओळंबा

६४१ चा तो भागाकारही न करता दाखवता येतो, तेही दोन ओळींत.

६४१ = ५ × २⁷ + १, आणि ६४१ = ५⁴ + २⁴.

पहिल्यावरून ५ × २⁷ ची बाकी −१. चौथा घात केला की ५⁴ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ ठेवा: −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

---

खवचट कोपरा

ओळंबाराव, तुमच्या दोन ओळी म्हणजे उत्तर माहीत असलेल्याची जादू. ६४१ आधी सापडला म्हणून ५⁴ + २⁴ सुचलं. शोधायचं काम बाकी_एक यांच्या चाळणीचंच.

---

बाकी_एक

बरोबर, ही पडताळणी आहे. धाग्यातला दुसरा प्रश्नही चाळणीनेच सुटतो.

६७००४१७ मूळ आहे का? वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. तिचा कुठलाही मूळ भाजक हा २^३२ + १ चाही भाजक, म्हणून तो १२८क + १ साच्यातलाच. २५८८ पर्यंत असे वीस उमेदवार, त्यांत मूळ फक्त पाच. बाक्या अशा:

२५७ ने १७०
६४१ ने ४४
७६९ ने १२०
११५३ ने ३३४
१४०९ ने ६२२

एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. (२५७ हा @भागिले यांच्या मुद्द्याने गाळता येतो, पण ६४१ गाळू नका. ६४१ चा वर्गच अवयव नाही ना, हे पाहावं लागतं.)

६५५३७ म्हणजे २^१६ + १, घात निम्मा, म्हणून हीच रीत १२८ ऐवजी ६४क + १ वर. वर्गमूळ २५६, उमेदवार ६५, १२९, १९३, मूळ फक्त १९३. ६५५३७ = १९३ × ३३९ + ११०. एका भागाकारात निकाल. २५७ ला तर उमेदवारच नाही, कारण ३२क + १ मधला पहिलाच ३३, आणि वर्गमूळ १६.

तर पूर्ण उत्तर:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

---

पाटीपेन्सिल

आधी भागिले म्हणाले की अ² + ब² ला अवयव नसतात. चल अक्षरांत नसतात, संख्यांत असतात की! विषम संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता आली की ती मूळ नसतेच, आणि त्या दोन रूपांतून अवयव काढता येतात. इथे:

४२९४९६७२९७ = ६५५३६² + १² = ६२२६४² + २०४४९²

सम पायांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम पायांची २०४४९ − १ = २०४४८. मसावि ८, भाग दिला की ४०९ आणि २५५६.
बेरजा १२७८०० आणि २०४५०. मसावि ५०, भाग दिला की पुन्हा २५५६ आणि ४०९.
मसाविंची निमपट ४ आणि २५.

४² + २५² = ६४१
४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७

---

खवचट कोपरा

देखणं आहे. पण ते २०४४९ कुठून आणलं? वीस हजार वर्ग वजा करून पाहायचे, त्यापेक्षा ६४१ ने भागलेलं बरं.

---

पाटीपेन्सिल

शोधायला महाग पडतं हे कबूलच. शिकवायला मात्र उत्तम, मसावि आणि वर्ग यांच्यापलीकडे काहीच लागत नाही.

---

शेंगदाणा

वजनावर बंदी, मग भाजकांवर बोलतो. इतके लहान-लहान अवयव आहेत, म्हणजे ती स्वतः सोडून बाकी भाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त होत असणार ना? विपुल संख्या?

---

ओळंबा

नाही, न्यून आहे. सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून भाजक २⁷ = १२८. सगळ्या भाजकांच्या बेरजेला संख्येने भागलं तर ४/३ × ६/५ × १८/१७ × २५८/२५७ × ६४२/६४१... असा गुणाकार येतो. पहिले तीनच वजनदार: १.६९४. पुढचे चार मिळून तो जेमतेम १.७०३४ वर जातो. यात संख्या स्वतःही धरली आहे, म्हणून विपुल व्हायला २ ओलांडावे लागतात. अवयवांत २ नाही आणि ७, ११, १३ पण नाहीत, तिथेच गणित मागे पडतं.

जाता जाता, हिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक भाजक नसलेल्या) लहान संख्या मोजल्या तर जवळपास निम्म्या निघतात, ०.४९९२ पट. अर्धाच पट घेतला, म्हणजे २^३२ − १, तर अशा संख्या बरोबर २^३१. कारण ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांतून प्रत्येकी १ वजा केला की उरतात नुसते दोनचे घात.

---

कंपासपेटी

ओळंबा यांच्या शेवटच्या वाक्यामुळेच अर्ध्या पटाचं भूमितीत नाव आहे. फक्त पट्टी आणि कंपासने काढता येणारा सुसम बहुभुज, बाजूंची संख्या विषम, तर त्या संख्येचे मूळ अवयव फर्माच्या साच्यातले आणि प्रत्येक एकदाच हवा. असे पाचच मूळ अवयव माहीत आहेत, म्हणून असे विषमभुज ३१, आणि सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. गाउसने १७ बाजूंचा प्रश्न १७९६ मध्ये सोडवला. ६४१ बाजूंचा मात्र जमत नाही, कारण ६४० = २⁷ × ५, तो ५ आडवा येतो. म्हणजे पट अर्ध्यावर थांबला असता तर सगळं सुरळीत होतं, शेवटच्या दुपटीने घात केला.

---

अर्धविराम;

या संख्येचं कौतुक जरा जास्तच चाललंय असं मला वाटतं. द्विमान पद्धतीत (अंक फक्त ० आणि १) ती चौसष्ट एक्के, सोळाच्या पायात सोळा एफ (तिथला १५ चा अंक). आपण ६४ बिटांची यंत्रं बनवली म्हणून ती सारखी भेटते. अचिन्ह (ऋण संख्या न धरणाऱ्या) पूर्णांकात −१ साठवलं की हीच छापून येते. प्रोग्रामच्या नोंदींत (लॉगमध्ये) दिसली तर गणित आठवू नका, कुठेतरी शून्यातून एक वजा झालाय एवढंच समजा.

आणि प्रयोग करणाऱ्यांनो, एक्सेल वापरू नका. तिथे पंधरा अंकांपुढे शून्यं होतात: १८४४६७४४०७३७०९५०००००. विषम संख्या सम झाली, आता काय अवयव पाडणार! जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत १८४४६७४४०७३७०९५५२००० दिसते, कारण पूर्णांक खात्रीने अचूक राहतात ते २^५३ − १ पर्यंतच. पायथनमध्ये पूर्णांक अचूक राहतो, पण ०.५ वा घात घेऊन वर्गमूळ काढलंत तर ४२९४९६७२९६ येतं, आणि वाटतं की संख्या पूर्ण वर्ग आहे. पूर्णांकांसाठीचं वेगळं वर्गमूळ फंक्शन वापरलं की ४२९४९६७२९५ मिळतं. भागाकारही दुहेरी तिरक्या रेघेने करा, एकेरीने दशांश अपूर्णांक होतो आणि शेवटचे अंक उडतात.

---

नाशिक रोड

@अर्धविराम, पाया द्विमान असणं हेच तर रंजक आहे. तिचा वर्ग करून पाहा: २^१२८ − २^६५ + १. द्विमानात त्रेसष्ट एक्के, चौसष्ट शून्यं, एक एक्का. १२८ अंकांचे मधोमध दोन तुकडे करा. डावा २^६४ − २, उजवा १. बेरीज केली की आपली पहिलीच संख्या परत.

म्हणजे आमच्या देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांच्या नावाची ही संख्या आहे, फक्त पाया दोन. दहाच्या पायात ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५, किंवा २९७² = ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. ९, ९९, ९९९ या सरळसोट कापरेकर संख्या, आणि द्विमानात ९ चं काम १ करतो. तुमच्या यंत्रात या संख्येचा वर्ग केला की उत्तर १ येतं, तो हाच उजवा तुकडा.

---

अर्धविराम;

(−१)² = १. हे आवडलं.

---

दशखर्व

वर्गांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. ८ ने भागल्यास बाकी ७, म्हणून ही दोन किंवा तीन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही, चार लागतातच. आणि त्रिकोणी संख्याही (१ + २ + ३ + ... अशी बेरीज) नाही. तशी असती तर आठपट करून १ मिळवल्यावर पूर्ण वर्ग यायला हवा, म्हणजे २^६७ − ७. हिला ११ ने भाग जातो पण १२१ ने भागल्यास बाकी ११ उरते. पूर्ण वर्गाचं असं होत नाही. २^न − ७ कधी वर्ग होतो हा रामानुजनने १९१३ मध्ये घातलेला प्रश्न. न = ३, ४, ५, ७, १५ एवढीच उत्तरं, हे नागेलने १९४८ मध्ये सिद्ध केलं.

अवांतर: लीलावतीतली स्थानांची नावं परार्धाला, म्हणजे १०^१७ ला, संपतात. म्हणून वाचन असं: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, सहाशे पंधरा. निखर्व आणि कोटी रिकामे. यातला खर्व १०^१०, ध्यानात ठेवा.

---

त्रैराशिक

उत्तर मिळालं: सूत्राने सहा गुणक, चाळणीने ६४१, पाच भागाकारांत ६७००४१७ ची खात्री. @पटावरचा उंट, ६७ घरांचं म्हणालात ते २^६७ − १ ना? लुकासने १८७६ मध्ये ती मूळ नाही असं दाखवलं, पण अवयव मिळायला कोलचं १९०३ साल उजाडलं: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. घरं तीनच जास्त आणि हा फरक! मग एक उपप्रश्न: शेजारी दुसरा पट ठेवून १२८ घरं केली तर?

---

बाकी_एक

एक नवा गुणक येतो, २^६४ + १. चाळणी आता २५६क + १. पहिला मूळ भाजक २७४१७७, म्हणजे क = १०७१. ३, ५ आणि ७ ने भाग जाणारे उमेदवार गाळले की पाचशेच्या आत तपासण्या उरतात. चिकाटीचं काम, पण माणसाच्या आवाक्यातलं. लँड्रीने १८८० मध्ये हे अवयव प्रसिद्ध केले, दुसरा ६७२८०४२१३१०७२१.

प्रत्येक उमेदवारासाठी वीस अंकी भागाकार करू नका. ६५५३६ पासून सुरू करून फक्त दोनदा वर्ग करा आणि दर वेळी बाकी घ्या. बाकी निम्म्याहून मोठी आली तर भाजकातून वजा करून ऋण घ्या, पुढचा वर्ग लहान होतो. २७४१७७ साठी:

६५५३६² = ४२९४९६७२९६ = २७४१७७ × १५६६४ + २५८७६८, म्हणजे बाकी −१५४०९
१५४०९² = २३७४३७२८१ = २७४१७७ × ८६६ − १

बाकी −१ आली, भाजक सापडला.

---

खवचट कोपरा

आणि तिसरा-चौथा पट ठेवून २५६ घरं केली की २^१२८ + १. ती १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर फोडली, आणि लहान अवयवच सतरा अंकी निघाला, ५९६४९५८९१२७४९७२१७. तिथे पाटी-पेन्सिल घेऊन कोण बसणार ते आधी ठरवा, चहाचं मी बघतो.